ठाण्यात मस्त चालणारा डिझेल हीटर डोंगरात पहाटे का विझतो? पिकअप कॅम्परवाल्यांसाठी तपासणी आणि निवड

तक्रार ठरलेली असते. वागळे इस्टेट किंवा रबाळ्याच्या फॅब्रिकेटरकडून पिकअपच्या हौद्यावर बसणारा हलका कॅम्पर करून घेतला. त्यात डिझेलवर चालणारा एअर हीटर बसवला आणि सोसायटीच्या आवारात लावून पाहिला. पाच मिनिटांत भट्टी. मग गाडी जिस्पा, काझा नाहीतर लेहला पोचते. हीटर संध्याकाळी लागतो, थोडा वेळ चालतो आणि पहाटे दोन-तीनच्या सुमाराला विझतो. स्क्रीनवर एरर, बाहेर पांढरा धूर, आत उणे तापमान. सकाळी ऊन चढलं की तोच हीटर काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होतो.

अशा वेळी बहुतेकांचा पहिला निष्कर्ष 'चिनी माल, दुसरं काय' असा असतो आणि तो बहुधा चुकीचा निघतो. ठाण्यातल्या चाचणीत हवा समुद्रसपाटीची, तापमान २०-२५ अंशांचं, बॅटरी नुकतीच भरलेली आणि डिझेल पाण्यासारखं पातळ असतं. डोंगरात यातलं एकही टिकत नाही. त्यामुळे तिथे उघडे पडणारे दोष तेच ते असतात: वायरमध्ये पडणारा व्होल्टेज, विरळ हवेमुळे साचणारी काजळी, गोठू लागलेलं डिझेल आणि चार्ज न झालेली लिथियम बॅटरी. पाचवा दोष दुकानातच पैसे मोजून विकत घेतलेला असतो, तो म्हणजे गरजेपेक्षा मोठा हीटर.

आधी पाहा, कधी विझतो

सुरू करताना पहिल्या पाच मिनिटांतच बंद पडत असेल तर संशय व्होल्टेजवर किंवा इंधनाच्या नळीतल्या हवेवर घ्या. दोन-चार तास नीट चालून विझत असेल तर काजळी किंवा डिझेल. पहिली रात्र छान गेली आणि दुसऱ्या-तिसऱ्या रात्री दगा दिला, तर बॅटरीचं चार्जिंग. बटण न दाबता गरम हवा एकदम थांबते, पंखा मात्र जोरात फिरत राहतो आणि पंधरा मिनिटांनी सगळं पूर्ववत होतं, अशी गत असेल तर आत उष्णता कोंडते आहे.

बऱ्याच चिनी कंट्रोलरवर ई-०१ म्हणजे कमी व्होल्टेज, ई-०३ ग्लो प्लग (डिझेल पेटवणारी, विजेवर तापणारी कांडी), ई-०४ पंप, ई-०५ अतितापन, ई-०८ ज्योत विझली आणि ई-१० दोन प्रयत्नांत पेटला नाही, असे अर्थ असतात. पण कंपनीगणिक आकडे बदलतात, तेव्हा आपल्या कंट्रोलरच्या पुस्तिकेचं पान मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. काझात नेटवर्कच्या भरवशावर राहू नये.

धूरही बोलतो. सुरुवातीला मिनिट-दोन मिनिटं पांढरा धूर ठीक आहे. तो थांबतच नसेल आणि कच्च्या डिझेलचा वास येत असेल तर इंधन पोचतंय पण पेटत नाही. काळा धूर म्हणजे इंधन जास्त, हवा कमी.

व्होल्टेज: मीटर बॅटरीवर नको, हीटरच्या प्लगवर लावा

सुरू होताना ग्लो प्लग तीन-चार मिनिटं ८ ते १० अँपिअर ओढतो. एकदा पेटला की हीटर १ ते २ अँपिअरवर चालतो. म्हणजे खरी परीक्षा त्या पहिल्या चार मिनिटांची. १२ व्होल्टचे बहुतेक हीटर वीज आत येते त्या प्लगपाशी १०.५ व्होल्टच्या आसपास येताच स्वतःला बंद करून घेतात.

गणित साधं आहे. बॅटरी कॅम्परच्या पुढच्या टोकाला आणि हीटर मागच्या दाराजवळ, वायर ५ मीटर. जाऊन-येऊन १० मीटर. २.५ स्क्वेअरच्या, म्हणजे २.५ चौरस मिलिमीटर छेदाच्या, तांब्याच्या वायरीत १० अँपिअरला ०.७ व्होल्ट वाटेतच जातो. ६ स्क्वेअर घेतली तर ०.३. लेड-ॲसिड बॅटरी पहाटे निम्मी उतरलेली असते, थंडीत भार पडला की ११.६-११.७ दाखवते. त्यातून वायरीचा ०.७ गेला, फ्यूज होल्डर आणि ढिल्या लगमध्ये (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या टोपीत) आणखी थोडा गेला, की कडेलोट. संध्याकाळी हेच सगळं १२.६ वरून सुरू झालेलं असतं म्हणून चालून जातं.

मल्टिमीटरच्या दोन्ही पिना हीटरच्या प्लगमध्ये मागून टोचा आणि हीटर सुरू करा. ग्लो प्लग तापत असताना आकडा ११.५ च्या वर राहिला पाहिजे. त्याच वेळी बॅटरीच्या खांबांवरचा आकडा घ्या. दोहोंतला फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर चोर वायरीत आहे. मग दोन मिनिटांनी बोटाने चाचपत जा: फ्यूज होल्डर, लग, जोड. जो जोड हाताला गरम लागतो तोच दोषी. पक्कडीने दाबलेले लग हमखास सापडतात. लगसाठी क्रिम्पिंग टूलच वापरा, नाहीतर वागळेतल्या एखाद्या पॅनल बनवणाऱ्याकडून दाबून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

वायर घेताना एक खबरदारी. कार-ऑडिओच्या दुकानात स्वस्त मिळणारी जाडजूड वायर पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते. एक तार पात्याने खरवडून पाहा. आत चंदेरी निघाली तर ठेवून द्या. याच्या उलट कलई केलेली तांब्याची वायर बाहेरून चंदेरी आणि आतून लाल असते, ती उत्तम आणि खाडीच्या दमट हवेत जास्त टिकते. मुंबईच्या लोहार चाळीत मीटरवर मिळते. निगेटिव्ह गाडीच्या बॉडीला देऊ नका, तोही ६ स्क्वेअरचा थेट बॅटरीपर्यंत न्या. हौद्याचा पत्रा रंगवलेला असतो आणि पावसाळ्यानंतर बोल्टखाली गंज धरतो. फ्यूज बॅटरीजवळच हवा, क्षमता पुस्तिकेत दिली असेल ती, साधारण १५ ते २० अँपिअर.

५ किलोवॉटचा मोह

याबाबत मत स्पष्ट आहे: हौद्यावरच्या कॅम्परला २ किलोवॉट पुरतो. ५ किलोवॉट घेतल्याने थंडी कमी होत नाही, कटकट वाढते.

२.२ मीटर लांब, १.७ रुंद आणि १.५ उंच अशा पेटीचा सगळा पृष्ठभाग साधारण १९ चौरस मीटर होतो. भिंतींत २५ मिलिमीटर एक्सपीएस फोम (थर्माकोलच्या जातीचा, पण कडक) असेल, बाहेर उणे १० आणि आत १८ अंश हवे असतील, तर भिंतींतून सुमारे ६०० वॉट उष्णता जाते. खिडक्या, दाराच्या फटी, धातूचा सांगाडा आणि मुद्दाम ठेवलेली वायुवीजनाची भोकं धरून १ किलोवॉट म्हणा. बाहेर २-३ अंश असेल तर याच्या निम्म्याने भागतं.

आता हीटरकडे या. '५ किलोवॉट' म्हणून मिळणाऱ्या किटमधल्या इंधनाच्या पंपावर बहुधा २२ एमएल असं छापलेलं असतं; म्हणजे १००० ठोक्यांना २२ मिलिलिटर. कमाल ५ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ५ ठोक्यांना, तासाला १८,००० ठोके, म्हणजे ३९६ मिलिलिटर डिझेल. एका लिटरात साधारण १० किलोवॉट-तास ऊर्जा धरली तर धुरातून जाणारी वजा करण्याआधीच ४ किलोवॉट होतात. त्याच पंपासह '८ किलोवॉट' असं खोक्यावर छापून येतं तेव्हा खोकं तेवढं मोठं असतं. किमान १.६ हर्ट्झला १२७ मिलिलिटर, म्हणजे सव्वा किलोवॉट जळतो, आत एखादा किलोवॉट येतो. तुमची गरज अर्ध्या किलोवॉटची असताना हा सतत सर्वांत मंद आचेवर तरी धुमसत राहतो, नाहीतर बंद-चालू होत राहतो. मंद आचेवर काजळी धरते. बंद-चालूत दर वेळी ग्लो प्लगचे १० अँपिअर जातात. दोन्ही वाटा पहाटेच्या एररकडेच जातात.

२ किलोवॉटच्या नामांकित हीटरचा किमान टप्पा ०.८५-०.९ किलोवॉटचा आणि इंधन ताशी ०.१ ते ०.२८ लिटर असतं. सौम्य थंडीत तोही किमान टप्प्यात अडकतो, हे खरं. तेव्हा वरची खिडकी दोन बोटं उघडी ठेवा. हीटर जरा जोमात चालतो आणि आतला दमटपणाही बाहेर जातो.

आधीच ५ चा घेतला असेल तर फेकू नका. झोपण्याआधी अर्धा तास पूर्ण क्षमतेवर चालवा, रात्रभर एकदम किमानवर ठेवू नका आणि सकाळी निघताना पुन्हा वीस मिनिटं पूर्ण क्षमतेवर चालवून मगच बंद करा. काजळी बरीच जळून जाते.

उलट, भिंतींत नुसता पत्रा आणि ६ एमएमचा प्लाय असेल तर तोच कॅम्पर उणे १० ला २.४ किलोवॉटच्या आसपास मागतो. तिथे हीटर बदलून काही होणार नाही. १९ चौरस मीटरला २५ मिलिमीटर एक्सपीएसचं वजन जेमतेम १५-१६ किलो. एवढ्या वजनात दीड किलोवॉट वाचवणारी दुसरी वस्तू नाही. सांगाड्याचे ॲल्युमिनियमचे चौकोनी पाइप आतून उघडे राहिले तर पहाटे त्यांना घाम फुटतो आणि गादीची कड ओली होते. त्यांच्यावर ६ एमएम नायट्रिल रबर फोमची पट्टी चिकटवा. एसीच्या कामवाल्यांकडे ती मिळते.

विरळ हवा आणि काजळी

३,५०० मीटरवर, म्हणजे लेहच्या उंचीला, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के उरतो. पंखा तेवढेच फेरे घेतो, पंप तेवढंच डिझेल टाकतो, प्राणवायू मात्र एक तृतीयांश कमी. न जळलेला कार्बन बर्नरच्या जाळीवर आणि धुराच्या नळीत बसत जातो. भोकं अरुंद झाली की हवा आणखी कमी, काजळी आणखी जास्त. म्हणून पहिले तीन-चार तास बरे जातात आणि मग ज्योत विझते. साधारण १,५०० मीटरच्या वर कायम वापर असेल तर हीटरला उंचीची भरपाई लागते.

विकत घेतानाच दाबाचा सेन्सर असलेलं, स्वतःहून इंधन कमी करणारं मॉडेल घ्या. जास्तीचे पैसे इथेच घाला. वेबास्टो, एबरस्पेखर यांच्या नव्या मॉडेलांत ही सोय मिळते, पण मॉडेल नंबरनिशी लेखी विचारा, 'हां हां, सब में आता है' यावर जाऊ नका.

साध्या हीटरमध्ये कंट्रोलरच्या आतल्या मेनूतून पंपाचे हर्ट्झ आणि पंख्याचे फेरे बदलता येतात. ठाण्यात असतानाच चारही मूळ आकडे लिहून ठेवा: किमान-कमाल हर्ट्झ, किमान-कमाल फेरे. ३,५०० मीटरला कमाल हर्ट्झ सुमारे ३० टक्क्यांनी उतरवा; ५ असेल तर साडेतीन. किमान हर्ट्झ फार खाली ओढू नका, ज्योत टिकत नाही. त्याऐवजी किमान टप्प्याचे फेरे थोडे वाढवा. बदल झाला की नाही हे कानाने पडताळता येतं. पंपाची टकटक दहा सेकंद मोजा: ५ हर्ट्झला ५०, साडेतीनला ३५, १.६ ला १६. खाली उतरल्यावर मूळ आकडे परत टाका, नाहीतर मनालीत हीटर कोमट हवा फेकत बसेल.

पंप खरंच तेवढं इंधन देतोय का हेही घरीच तपासा. मेडिकलमधून १० मिलिलिटरची सिरिंज आणा, दट्ट्या काढून तिचं तोंड बंद करा आणि हीटरकडे जाणारी नळी तिच्यात सोडा. कंट्रोलर प्रायमिंगवर (न पेटवता नुसता पंप चालवणं) टाकून नळीतली हवा काढा, सिरिंज रिकामी करा आणि २०० ठोके मोजा. २२ एमएलच्या पंपाने ४.४ मिलिलिटर द्यायला हवं. ४ च्या खाली असेल तर गाळणी तुंबली आहे किंवा नळीत हवा शिरते आहे. ५ च्या वर असेल तर पंप बदला, कारण असा पंप काजळीच करणार.

काजळी आधीच धरली असेल तर धुराच्या नळीचं तोंड सोडवून बोट फिरवा. कोरडी काळी पूड निघाली तर काजळी. ओलं, तेलकट निघालं तर डिझेल न पेटता वाहतंय, म्हणजे ग्लो प्लग किंवा व्होल्टेज पाहा. काजळीसाठी बर्नर उघडावा लागतो. तारेच्या ब्रशने चेंबर साफ करा, ग्लो प्लगभोवतीची बारीक जाळी काढून नवीन घाला आणि गॅस्केट नवीनच लावा. सिरॅमिक ग्लो प्लगला ब्रश लावायचा नाही, तडकतो. प्रवासात एक जाळी, एक गॅस्केट संच आणि एक ग्लो प्लग जवळ असू द्या, मुठीत मावतात.

नळी आणि डिझेल

किटबरोबर येणारी मऊ हिरवट नळी सुरू करण्याआधीच काढून टाका. ती पंपाच्या प्रत्येक ठोक्याला फुगते, थंडीत कडक होते आणि जोडापाशी हवा ओढते. त्याऐवजी आतून दीड ते दोन मिलिमीटर व्यासाची कडक नायलॉन नळी घ्या, मुंबईत नागदेवीला मिळते. जोडाच्या रबरी बाहीत नळ्यांची टोकं एकमेकांना टेकली पाहिजेत. मध्ये फट राहिली तर तिथे बुडबुडा साठतो आणि सुटला की ज्योत गचका खाते. पंप आडवा बसवू नका. हीटरकडचं टोक वर करून १५ ते ३५ अंशांत तिरका बसवा आणि रबराच्या पट्ट्यात लटकवा, नाहीतर रात्रभर टकटक डोक्यात जाते.

आता डिझेलचं. आपल्याकडे आयएस १४६० या मानकानुसार डिझेल ज्या तापमानाला गाळणी तुंबवू लागतं त्याची कमाल मर्यादा हिवाळ्यात ६ अंश आणि उन्हाळ्यात १८ अंश आहे. प्रत्यक्षात मिळणारं डिझेल पुष्कळदा यापेक्षा बरं असतं, पण घोडबंदरला भरलेली टाकी घेऊन उणे १५ ला झोपायचं धाडस करू नका. इंजिनच्या आधी हीटर थांबतो, कारण त्याची नळी दोन मिलिमीटरची असते. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं. लेहला पोचाल तेव्हा हीटरची वेगळी टाकी पूर्ण रिकामी करून तेच भरा. नुसतं वरून ओतलं तर नळीत जुनंच राहतं, म्हणून प्रायमिंग करून नवं डिझेल हीटरपर्यंत आणा.

वेगळी टाकी म्हणूनच बरी. बीएस-६ गाडीच्या मूळ टाकीला भोक पाडलं तर वॉरंटीचा प्रश्न येतो. मध्यम आचेवर रात्रीचे दहा तास धरले तरी दीड लिटर लागतं. ५ लिटरची टाकी तीन रात्री काढते आणि तिचं वजनही बेताचं. टाकी राहण्याच्या जागेत ठेवू नका. बाहेरच्या खणात ठेवा, तो खण आतून बंद असू द्या.

दुसऱ्या रात्रीचा दगा: लिथियम

वजनासाठी लिथियम आयर्न फॉस्फेट घेणं बरोबरच आहे. १०० अँपिअर-तासांची बॅटरी ११ ते १३ किलोची असते. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर ५० किलोच्या पुढे जाते. पण या बॅटरीला शून्याखाली चार्ज करायचं नसतं. चांगली बीएमएस (बॅटरीचं रक्षण करणारं आतलं सर्किट) तेव्हा चार्जिंग तोडते. म्हणजे सकाळी सूर्य वर आला, गाडी पाच तास चालली आणि बॅटरीत काहीच गेलं नाही, कारण ती हौद्याच्या थंड पत्र्यावर बाहेरच्या पेटीत होती. रात्री बॅटरी उतरली की बीएमएस एकदम वीज तोडते. हीटरला बंद होताना तीन-चार मिनिटं पंखा चालवून थंड व्हायचं असतं, ते होत नाही. आत राहिलेली उष्णता सेन्सर भाजते आणि उरलेलं डिझेल काजळी होतं. एका दोषाचे दोन होतात.

बॅटरी राहण्याच्या जागेत, बाकाखाली ठेवा आणि खाली १० एमएम फोम घाला. बीएमएस खरंच तोडते का हे खरेदी केल्याच्या आठवड्यात तपासा, वॉरंटीत बदलून मिळेल. मासळी बाजारातून किलोभर बर्फ आणा, ठेचून तीन भाग बर्फाला एक भाग मीठ घाला आणि बीएमएसच्या तापमान सेन्सरचा मणी प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यात बुडवा. मिश्रण उणे १० च्या खाली सहज जातं. चार्जर चालू असताना काही मिनिटांत करंट शून्यावर यायला हवा. बॅटरी स्वतः बर्फाजवळ नेऊ नका. सेन्सर बंद खोक्याच्या आत असेल तर विक्रेत्याकडून कमी तापमानाला चार्जिंग तोडण्याची सोय आहे असं लेखी घ्या.

गाडी चालत असताना चार्ज करण्यासाठी साधा रिले (इंजिन सुरू झालं की दोन बॅटऱ्या जोडणारा स्विच) घेऊ नका. बीएस-६ गाड्यांतले अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी व्होल्टेज खाली आणतात आणि बॅटरी अर्धवट राहते. गाडीचा कमी-जास्त व्होल्टेज बॅटरीला हवा तसा करून देणारा २० ते ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर लावा. रात्रीचा हिशोब तसा मोठा नाही: हीटर १२ ते १५ अँपिअर-तास, लहान कॉम्प्रेसर फ्रिज दिवसभरात २० ते २५, दिवे-मोबाइल १०. १०० ची बॅटरी दोन दिवस सांभाळते.

गरम हवा कोंडणं

गरम हवेची नळी २ किलोवॉटला ६० मिलिमीटरची, ५ ला ७५ ची असते. ती दोन जागी काटकोनात वळवून लांब नेली, किंवा हवा आत ओढणारी जाळी रजईखाली गेली, की हीटर तापून स्वतःला बंद करतो. रात्री पाय पसरताना जाळी हमखास झाकली जाते. जाळीसमोर १० सेंटिमीटर मोकळं राहील असा लाकडी कठडा ठोका. आत ओढायची हवा कॅम्परमधलीच असावी. बाहेरून उणे १० ची हवा घेऊन ती तापवत बसणं परवडत नाही.

बाकीचं सामान आणि वजन

आरसीवरचं एकूण वजन वजा रिकामं वजन, एवढीच मुभा. त्यातून माणसं, त्यांचं सामान आणि कॅम्पर सगळं बसवायचं. आपल्या सुताराला मोकळं सोडलं तर तो सवयीने १९ एमएमचा प्लाय लावतो. आठ बाय चारची एक शीट ३५ किलोच्या आसपास. ९ एमएम निम्म्याहून कमी भरते. बाक आणि कपाट ९ एमएममध्ये, दारं ६ मध्ये, खालून पट्ट्या देऊन करा.

स्वयंपाकाला गॅस चालेल, खोली तापवायला नको. एक किलो एलपीजी जळली की सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ होते आणि दोन माणसं रात्रभरात आणखी अर्धा-पाऊण लिटर सोडतात. ते सगळं पत्र्यावर येऊन थेंब बनतं. शिवाय एलपीजीतलं ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला वायू होणं थांबवतं, त्यामुळे थंडीत सिलिंडर अर्धा असूनही शेगडी मिणमिणते. कोळशाची अंगिठी आत घेणं म्हणजे मरणाला बोलावणं, यात दुसरं मत नाही. रात्रभर इंजिन चालू ठेवणंही त्याच रांगेतलं.

हीटरला जोड म्हणून १२ व्होल्टची विजेची चादर मात्र गुणी आहे. ५० वॉटची दोन तास लावली तर ८-९ अँपिअर-तास जातात आणि हीटर बंद पडला तरी रात्र निभावते.

धुराची नळी हौद्याखालून नेताना स्टेपनी, ब्रेकचे पाइप आणि वायरिंग यांच्यापासून दूर ठेवा. स्टेपनी नेमकी तिथेच लटकलेली असते आणि नळी फार तापते. नळीचा जोड आत कुठेही नको, उतार बाहेरच्या बाजूला हवा आणि सर्वांत खालच्या बिंदूला ४ मिलिमीटरचं भोक, म्हणजे साचलेलं पाणी गोठून नळी बंद होणार नाही. तोंड खिडकीखाली नको. हवा घेणारी नळी धुराच्या तोंडापासून लांब ठेवा. बर्फ पडला तर झोपण्याआधी तोंड मोकळं करा. ईएन ५०२९१ या युरोपीय मानकाचा, विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू हेरणारा अलार्म उशीच्या उंचीला लावा. उंचीवर शरीराला प्राणवायू आधीच कमी मिळतो, तिथे हा वायू लवकर घात करतो. हौद्याला भोकं पाडण्यापूर्वी विमा कंपनीला आणि आरटीओला (एमएच-०४ वाल्यांनी ठाण्यात, एमएच-४३ वाल्यांनी नवी मुंबईत) विचारून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेतल्या बदलांबद्दलच आहे.

पावसाळ्यात उभा असताना

हीटर वर्षातले आठ-नऊ महिने आवारात उभा राहतो आणि बिघाड तिथेच सुरू होतो. कुंभारमाशी धुराच्या नळीत चिखलाचं घर करते. बाहेरून काही दिसत नाही आणि पहिल्याच वेळी ई-१० येतो. दोन्ही नळ्यांच्या तोंडांना झाकण लावा आणि कंट्रोलरवर लाल चिकटपट्टीने 'झाकण काढा' लिहा. टाकी रिकामी करून ठेवा. अर्ध्या भरलेल्या टाकीत दमट हवेचं पाणी उतरतं आणि डिझेलमध्ये शेवाळासारखा चिकट थर होतो. महिन्यातून एकदा झाकणं काढून, लिटरभर ताजं डिझेल घालून, वीस-तीस मिनिटं पूर्ण क्षमतेवर चालवा आणि बटणानेच बंद करा, मेन स्विचने नाही. खाडीच्या बाजूला राहत असाल तर सगळ्या लगना पेट्रोलियम जेली लावा आणि निघण्याआधी प्लगवरचा व्होल्टेज पुन्हा एकदा मोजा.